बुडालेल्या जहाजावरची डायव्ह कशी आखावी: तुलांबेनच्या ‘लिबर्टी’वर पूर्ण हिशोबासह

बुडालेल्या जहाजावरची डायव्ह परतीच्या टोकाकडून आखायची असते. पाण्याबाहेर येताना टाकीत किती हवा उरायला हवी हे आधी ठरवायचं. त्यावरून खालून कधी निघायचं ते ठरतं, त्यावरून खोली ठरते, आणि मग हातात राहिलेल्या मिनिटांत जहाजाचा कोणता भाग बघता येईल ते कळतं. बरेच जण हे सगळं उलट्या क्रमानं करतात. बघायच्या गोष्टींची यादी आधी तयार होते आणि हवेचा विचार पाण्यात गेल्यावर सुरू होतो. मोकळ्या प्रवाळावर ते कधीकधी खपून जातं. जहाजावर डोक्यावर लोखंडी पत्रा असू शकतो, जाळ्याचा किंवा गळाचा तुकडा अडकू शकतो आणि बघण्याच्या नादात खोली वाढलेली कळत नाही. तिथे ते खपत नाही.

हा हिशोब हवेत न करता एका खऱ्या जहाजावर करू. बालीच्या पूर्व किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं गाव आहे. तिथली ‘लिबर्टी’ मी निवडली ती दोन कारणांसाठी. पहिलं म्हणजे तिचा माथा साधारण पाच मीटरवर आणि सर्वांत खोल भाग तीस मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे एकाच जागी उथळ ते खोल अशा सगळ्या पाण्याचा विचार करता येतो. दुसरं कारण आपल्या सोयीचं आहे. जून ते सप्टेंबर कोकण आणि गोव्याचा समुद्र डायव्हिंगला बंद असतो, आणि नेमका तेव्हा बालीत कोरडा हंगाम असतो.

आधी जहाज ओळखून घ्या

जहाजाचा इतिहास वाचायचा तो गोष्ट म्हणून तर वाचाच, पण आपल्या आखणीला त्यातून काय मिळतं हे बघत वाचा.

‘लिबर्टी’ अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कार्नी इथे १९१८ साली बांधलेलं मालवाहू जहाज, लांबी सुमारे १२५ मीटर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं शेकड्यांनी बांधलेल्या ‘लिबर्टी’ वर्गातल्या जहाजांशी याची गल्लत होते. ती जहाजं नंतरची, हे त्यांच्या पुष्कळ आधीचं. त्यामुळे त्या वर्गाचे नकाशे बघून इथला मार्ग आखू नका. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीनं तिच्यावर टॉर्पेडो मारला. जहाजात रबर आणि रेल्वेचे सुटे भाग होते. एक अमेरिकन आणि एक डच विनाशिका तिला ओढत सिंगराजा बंदराकडे नेत होत्या, पण पाणी फार भरलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर तिला चढवून ठेवलं. माल आणि कामाचं सामान तिथेच उतरवून घेतलं गेलं. पुढे एकवीस वर्षं ती किनाऱ्यावर पडून होती. १९६३ साली आगुंग ज्वालामुखी फुटला, त्या हादऱ्यांनी ती किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेली.

आता यातून आपल्याला काय कळलं ते बघा. माल उतरवलेला आहे, म्हणजे मोटारी-बंदुका शोधत पोकळ्यांमध्ये शिरण्याचं काही कारण नाही. जहाज आधी रिकामं केलेलं, मग घसरून मोडलेलं आहे, म्हणून ठिकठिकाणी उघडं पडलं आहे. ते किनाऱ्याला समांतर, कुशीवर पडलं आहे. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण कुशीवर पडलेल्या जहाजात डेक म्हणजे उभी भिंत होते, भिंत म्हणजे जमीन होते आणि दार आडवं होऊन भोक दिसतं. किनाऱ्यावर बसून कागदावर जहाज आडवं काढा, डेक समुद्राकडे आणि तळ किनाऱ्याकडे दाखवा. हे चित्र डोक्यात असलं की पाण्यात गोंधळ निम्म्यानं कमी होतो.

दुसरं कुठलंही जहाज निवडलंत तरी हीच माहिती जमवायची: किती खोल, कसं पडलंय, कुठे मोडलंय, प्रवाह कसा असतो, वर येण्याची जागा कुठली. आपल्याकडेही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. भारतीय नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवली गेली आहे.

तुमचं कार्ड कुठवर नेतं

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास केलेली स्कूबा ही ‘ट्राय डायव्ह’ असते. प्रशिक्षक तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवतो आणि वर आणतो. समुद्राची ओळख म्हणून ती सुंदर आहे. पण त्यातून प्रमाणपत्र मिळत नाही आणि तिच्या भरवशावर जहाजाची डायव्ह आखता येत नाही.

ओपन वॉटर कार्ड, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र, असलेल्यानं अठरा मीटरपर्यंत जावं. ‘लिबर्टी’चा बराच भाग त्या मर्यादेत येतो, तेव्हा ओपन वॉटरवाल्यांनी निराश होऊ नये. त्याच्या पुढच्या अॅडव्हान्स्ड कार्डावर तीस मीटरपर्यंत जाता येतं. खाली वापरलेला चोवीस मीटरचा नमुना अॅडव्हान्स्डवाल्यांसाठी आहे. जहाजाच्या आत शिरायचं तर वेगळं रेक डायव्हिंग (बुडालेल्या जहाजातलं डायव्हिंग) प्रशिक्षण लागतं, त्यावर पुढे बोलू.

तारकर्लीत महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. गोवा, कर्नाटकातलं नेत्राणी, अंदमान, पुदुच्चेरी इथेही रीतसर कोर्स होतात. कोर्स आपल्याकडे करून मग बालीला जाणं मला जास्त पसंत आहे, कारण सुट्टीचे मोजके दिवस पोहण्याच्या तलावात जात नाहीत. शेवटच्या डायव्हला सहा-आठ महिने उलटले असतील तर पहिल्या दिवशी उथळ पाण्यात एक उजळणी करा आणि जहाज दुसऱ्या दिवसावर ठेवा.

वैद्यकीय प्रश्नावली खरी भरा. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाबाची औषधं यातलं काही असेल तर भारतातच डॉक्टरांकडून लेखी परवानगी घेऊन ठेवा. तिथे पोचल्यावर ‘हो’ लिहून डायव्ह रद्द होईल म्हणून लोक ‘नाही’ लिहितात. त्याची किंमत पाण्याखाली मोजावी लागते. विमासुद्धा नीट वाचून घ्या. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. डायव्हिंगचा त्रास झाल्यावर प्रेशर चेंबरमधले (जास्त दाबाच्या बंद कक्षातले) उपचार महाग असतात, म्हणून डायव्हिंगचा वेगळा विमा घ्यावा हे माझं स्पष्ट मत आहे.

महिना आणि घटका

तुलांबेनला साधारण एप्रिल ते नोव्हेंबर पाणी चांगलं असतं. डिसेंबर ते मार्च पाऊस असतो, लाटा किनाऱ्यावर आपटतात आणि गोट्यांच्या किनाऱ्यावरून आत शिरणं अवघड होतं. पाणी बहुतेक वेळा २६ ते २९ अंश असतं. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून गार होऊ शकतं. तीन मिलिमीटरचा सूट बहुतेकांना पुरतो, पण थंडी लवकर वाजणाऱ्यांनी पाच मिलिमीटरचा घ्यावा. कुडकुडणारा माणूस हवा भराभर संपवतो.

महिन्यापेक्षाही दिवसातली वेळ नीट निवडा. दक्षिण बालीतून गाड्या भरून येणारे डायव्हर सकाळी नऊ-साडेनऊनंतर पोचतात आणि दुपारपर्यंत जहाजावर गर्दी असते. गर्दीत आपला बडी, म्हणजे डायव्हमधला जोडीदार, कोणता हे ओळखणंसुद्धा कठीण होतं. म्हणून आदल्या रात्री तुलांबेनलाच मुक्काम करा. विमानतळापासून ते सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि रस्त्यानं अडीच-तीन तास लागतात. पहाटे उजाडताच पाण्यात उतरा. त्या वेळी मोठ्या कपाळाचे हिरवट पॅरटफिश कळपानं जहाजावर दिसतात. एकेक मासा मीटरभराहून मोठा होतो. तो कळप बघण्यासाठी पहाटे उठणं मला कधीही मंजूर आहे.

हवेचा हिशोब

इथे थांबा, वही-पेन घ्या. घाई करू नका.

पाण्याच्या पृष्ठभागावर दाब एक पट असतो. दर दहा मीटरला तो एकानं वाढतो: दहा मीटरवर दोन पट, वीसवर तीन, तीसवर चार. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस वीस मीटरवर मिनिटाला ६० लिटर घेतो. नवशिक्याचा दर २० पेक्षा जास्तच असतो, अनुभवी माणसाचा कमी. आपण २० धरू.

टाकी ११ लिटरची अॅल्युमिनियमची धरू. ती २०० बारला (बार हे दाबाचं माप, पृष्ठभागावरचा दाब साधारण एक बार) भरली की तिच्यात २,२०० लिटर हवा असते. म्हणजे गेजवरचा (टाकीतला दाब दाखवणाऱ्या तबकडीवरचा) एक बार म्हणजे ११ लिटर.

आता परतीकडून सुरुवात. डायव्हच्या सर्वांत खोल जागी, चोवीस मीटरवर, बडीची हवा अचानक संपली असं धरा. तुमच्या एका टाकीवर दोघांना वर यायचं आहे. घाबरलेला माणूस जास्त हवा घेतो, म्हणून प्रत्येकी ३० लिटर, दोघांचे मिळून मिनिटाला ६० धरू.

खाली सावरायला एक मिनिट: ६० × ३.४ = २०४ लिटर.
मिनिटाला नऊ मीटरच्या वेगानं वर यायला तीन मिनिटं, सरासरी बारा मीटरवर: ६० × २.२ × ३ = ३९६ लिटर.
पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा सुरक्षेचा थांबा): ६० × १.५ × ३ = २७० लिटर.

बेरीज ८७० लिटर. ११ नं भागलं की ७९ बार. म्हणजे चोवीस मीटरवर गेजनं ८० दाखवलं की तिथला तुमचा मुक्काम संपला, मग समोर काहीही असो. ‘पन्नास बार उरले की वर या’ हे वाक्य आपण सगळे ऐकतो, पण चोवीस मीटरवर पन्नास बारमध्ये दोघं सुखरूप वर येत नाहीत. हाच हिशोब बारा मीटरवर केला तर उत्तर ५४ बार येतं. म्हणजे पन्नासचा नियम दहा-बारा मीटरच्या डायव्हला बरा, त्याखाली अपुरा.

राखीव हवा ठरली, आता खर्च बघू. तुमचा एकट्याचा दर २०.

किनाऱ्यापासून वाळूच्या उतारावरून जहाजापर्यंत पाच मिनिटं, सरासरी आठ मीटर: १८० लिटर, १६ बार. गेजवर १८४.
समुद्राकडच्या बाजूला चोवीस मीटरवर आठ मिनिटं: ५४४ लिटर, ४९ बार. गेजवर १३५.
वर चढून सोळा मीटरवर दहा मिनिटं: ५२० लिटर, ४७ बार. गेजवर ८८.
माथ्याकडे आठ मीटरवर आठ मिनिटं: २८८ लिटर, २६ बार. गेजवर ६२.
पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा: ९० लिटर, ८ बार. गेजवर ५४.

एकूण ३४ मिनिटं आणि किनाऱ्यावर ५४ बार. चोवीस मीटर सोडताना हातात १३५ आहेत, गरज ८० ची. मध्ये राहिलेली हवा हे वाट चुकल्याचं, प्रवाह लागल्याचं मोल आहे. ते आणखी काही मिनिटं बघण्यासाठी खर्च करू नका. तुमचा दर २५ असेल तर हेच आकडे पुन्हा मांडा आणि खालची मिनिटं कमी करा. बडींपैकी ज्याचा दर जास्त, त्याच्या दरावर दोघांची डायव्ह आखायची.

आता हे ३४ मिनिटांचं वेळापत्रक जहाजाच्या लांबीशी ताडून बघा. आरामात पोहणारा डायव्हर मिनिटाला दहाएक मीटर जातो. आठ मिनिटांत ऐंशी मीटर, तेही कुठे न थांबता. जहाज १२५ मीटरचं आहे. म्हणजे एका डायव्हमध्ये पूर्ण जहाज बघण्याचा बेत मुळातच चुकीचा आहे, त्यात फक्त पोहणं होतं. पहिल्या डायव्हला अर्धं जहाज, दुसऱ्या डायव्हला उरलेलं अर्धं. खोल बाजूनं एका टोकाकडे जायचं, तिथून वर चढायचं आणि उथळ बाजूनं निघाल्या जागेकडे परत यायचं. सर्वांत खोल भाग नेहमी आधी.

वेळेची मर्यादा आणि नायट्रॉक्स

हवा पुरली तरी शरीरात विरघळलेला नायट्रोजन वेगळी मर्यादा घालतो. प्रचलित तक्त्यांप्रमाणे पहिल्या डायव्हला अठरा मीटरवर ५६ मिनिटं, पंचवीसवर २९ आणि तीसवर २० मिनिटं मिळतात. डायव्ह कॉम्प्युटर बहुधा याहून कमी देतो. तुमच्या मनगटावर जो कॉम्प्युटर आहे त्याचंच ऐका, आणि दोन बडींमध्ये ज्याचा कॉम्प्युटर कमी मिनिटं दाखवतो त्याचं दोघांनीही ऐका. एका कॉम्प्युटरवर दोघांनी डायव्ह करणं हे मला अजिबात मान्य नाही.

नायट्रॉक्सचा (साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा) कोर्स झाला असेल तर इथे त्याचा खरा उपयोग होतो, विशेषतः दिवसात दोन-तीन डायव्ह करायच्या असतील तेव्हा. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण सुमारे ३३ मीटरपर्यंत चालतं, म्हणजे ‘लिबर्टी’च्या तळाला पुरतं. ३६ टक्क्यांचं मिश्रण २८ मीटरवरच संपतं, तेव्हा खोल भागासाठी ते नको. टाकीतलं मिश्रण स्वतः उपकरणानं मोजा, टाकीवरच्या पट्टीवर आकडा लिहा आणि कॉम्प्युटरमध्ये तोच भरा. नायट्रॉक्सनं वेळ वाढते, हवा जास्त पुरत नाही. वरचा बारचा हिशोब जसाच्या तसा राहतो.

सामान

नेहमीच्या सामानाखेरीज तीन गोष्टी हव्यातच: टॉर्च, दोरा कापायचं कटर आणि फुगवता येणारा सिग्नल बॉय (पाण्यावर तरंगणारी खुणेची नळी). टॉर्च दिवसाही लागतो, कारण पाण्याखाली लाल रंग लवकर विरतो आणि जहाजावरचे मऊ प्रवाळ उजेड टाकल्याशिवाय राखाडी दिसतात. कटर दोन्ही हातांना पोचेल अशा जागी लावा, मांडीवर लोंबता सुरा नको. गेज, दुसरा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन), काहीही लोंबत ठेवू नका. लोंबणारी वस्तू आधी प्रवाळ मोडते आणि मग स्वतः अडकते.

वजनाचा अंदाज टाकी रिकामी होत आली असतानाचा हवा. २०० बारवरून ५० बारवर येताना टाकीतली जवळपास दोन किलो हवा जाते आणि अॅल्युमिनियमची टाकी वर ओढू लागते. सुरुवातीला अगदी बरोबर वाटणारं वजन शेवटी पाच मीटरवर थांबू देत नाही. म्हणून पहिल्या दिवशी उथळ पाण्यात पन्नास बारवर वजन तपासून घ्या.

हातमोज्यांबद्दल मतं वेगवेगळी आहेत. मी ते घालू नयेत या मताची आहे. मोजे असले की माणूस निर्धास्तपणे पत्रे धरतो, आणि ज्या पत्र्याला धराल त्यावर विषारी काट्यांचा स्टोनफिश किंवा स्कॉर्पियनफिश बसलेला असू शकतो. तो जहाजाच्याच रंगाचा असतो. हात छातीशी बांधून तरंगता येत नसेल तर आधी ते शिका.

आत शिरायचं का

मोडलेल्या जहाजाच्या फासळ्यांमधून आरपार जाणाऱ्या मोकळ्या वाटा ‘लिबर्टी’वर बऱ्याच आहेत आणि गाइड तिकडे नेतात. मी चार गोष्टी बघते: शिरताना पलीकडचा उजेड दिसतो का, दोघं शेजारी-शेजारी कशालाही न लागता जातील इतकी रुंदी आहे का, खाली उडणारा गाळ आहे का, आणि कुठे दोरा किंवा जाळं लोंबतंय का. एकही उत्तर मनासारखं नसेल तर बाहेरून वळसा. गाइड पुढे गेला म्हणून आपणही जावं असं नाही. हातानं ‘नको’ची खूण करा, गाइडला वळसा घेऊन तुमच्याकडे यावंच लागेल. हे किनाऱ्यावर आधी सांगून ठेवलं की खाली वाईट वाटत नाही.

ज्या खोलीतून पलीकडचा उजेड दिसत नाही तिथे शिरणं ही वेगळी विद्या आहे. तिथे दोऱ्याचं रीळ लागतं, जादा टॉर्च लागतात आणि हवेचे तीन भाग करावे लागतात: एक आत जाताना, एक बाहेर येताना, एक राखीव. प्रशिक्षित मनोरंजक डायव्हरलाही पृष्ठभागापासून खोली आणि आतलं अंतर मिळून चाळीस मीटरच्या पुढे जायची मुभा नसते. वीस मीटर खोल दारातून म्हणजे जास्तीत जास्त वीस मीटर आत. ते प्रशिक्षण नसेल तर या परिच्छेदाचा अर्थ इतकाच घ्या की आत जायचं नाही.

किनाऱ्यावरचं बोलणं

गाइडचं ब्रीफिंग ऐकून झाल्यावर बडीशी तुमचं स्वतःचं पाच मिनिटांचं बोलणं वेगळं व्हायला हवं. जास्तीत जास्त खोली २४ मीटर. चोवीसवर आठ मिनिटं किंवा १३५ बार, जे आधी येईल तेव्हा वर. गेज दर पाच मिनिटांनी एकमेकांना दाखवायचा. १०० बारची आणि ५० बारची खूण कोणती, ती हातानं करून दाखवायची, कारण वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेल्यांच्या खुणा वेगळ्या असतात. दोघांपैकी कोणीही कुठल्याही कारणानं अंगठा वर केला की डायव्ह संपली, पाण्याखाली कारण विचारायचं नाही.

चुकामूक झाली तर एक मिनिट शोधायचं, मग वर. वाट चुकली तर ‘लिबर्टी’वर एक सोय आहे: माथ्याकडे चढा आणि वाळूचा चढ जिकडे आहे तिकडे जा, तो किनाऱ्यालाच येतो. तरीही होकायंत्रावर किनाऱ्याची दिशा पाण्यात उतरतानाच लावून घ्या. गर्दीच्या वेळी एकाच रंगाचे सूट घातलेले पन्नास जण खाली असतात, म्हणून बडीच्या फिनवर (पायात घालायच्या पंख्यावर) किंवा टाकीवर ठळक रंगाची चिकटपट्टी लावलेली बरी.

गाइडला दोन प्रश्न विचाराच. ऑक्सिजनचा संच कुठे आहे, आणि सध्या चालू असलेला सर्वांत जवळचा प्रेशर चेंबर कोणता. चेंबर देनपसारकडे आहे, म्हणजे गाडीनं तीन तास. ऑक्सिजन किनाऱ्यावर भरलेला असणं म्हणूनच महत्त्वाचं. चांगलं डायव्ह सेंटर संच उघडून दाखवतं. दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरं सेंटर शोधा, तुलांबेनला पुष्कळ आहेत.

पाण्यात

तुलांबेनचा किनारा काळ्या ज्वालामुखी गोट्यांचा आहे, गोल आणि निसरड्या. गावातल्या बायका डोक्यावर टाकी घेऊन त्याच गोट्यांवरून सहज चालत जातात. टाकी त्यांच्याकडे द्या, त्यांच्या रोजगाराचा तो भाग आहे, आणि तुमचे गुडघेही पाण्यासाठी शिल्लक राहतात. जाड तळव्याचे बूट घाला. लाटांचा जोर ओसरेपर्यंत थांबा, बडीचा हात धरून कमरेइतक्या पाण्यात चला, तोंडात रेग्युलेटर आणि डोळ्यांवर मास्क आधीच असू द्या. फिन तरंगत घाला. गोट्यांवर उभं राहून फिन घालणारा माणूस पडतोच.

सगळं सामान तपासून झाल्यावर वाळूच्या उतारावरून हळूहळू खाली जा. कान दर मीटरभराला मोकळे करा. वाटेत वाळूतून वर डोकावणाऱ्या गार्डन ईल दिसतात, जवळ गेलात की आत जातात. जहाजाची काळी सावली दिसली की तिथेच थांबून गेज बघा. १८४ च्या जागी १६५ दिसत असेल तर तुमचा दर आज जास्त आहे. चोवीसऐवजी अठरावर थांबा, डायव्ह तितकीच सुंदर होते.

खाली मीटरभर अंतर राखून पोहा. फिनचा फटका खालच्या दिशेनं न देता बेडकासारखा बाजूला द्या, गाळ उडत नाही. काही उचलू नका. जहाजाचा एकही तुकडा, एकही शंख घरी आणायचा नाही.

ठरलेली आठ मिनिटं झाली की चढायला लागा. माथ्याजवळची शेवटची दहा मिनिटं मला सर्वांत आवडतात. तिथे ऊन पोचतं, प्रवाळ दाट आहे, ट्रेव्हली माशांचा थवा बऱ्याचदा तिथेच गोल फिरत असतो, आणि हवाही सगळ्यांत कमी लागते. खोलीच्या आकड्यासाठी तळाशी घालवलेल्या मिनिटांपेक्षा इथली मिनिटं जास्त मोलाची आहेत.

बाहेर आल्यावर

दोन डायव्हमध्ये किमान तासभर ठेवा, दीड-दोन तास असेल तर उत्तम. दुसरी डायव्ह पहिलीपेक्षा उथळ. भरपूर पाणी प्या.

इथली एक चूक आपल्याकडचे प्रवासी हमखास करतात. विमानाआधीची विश्रांती सगळ्यांना पाठ असते: एका डायव्हनंतर किमान १२ तास, अनेक डायव्ह किंवा अनेक दिवसांनंतर किमान १८ तास, आणि चोवीस ठेवले तर अधिक सुरक्षित. पण हाच नियम सहाशे मीटरपेक्षा उंच जागांनाही लागतो, ते कोणी सांगत नाही. बालीत सकाळी तुलांबेनला डायव्ह आणि दुपारी किंतामणीला ज्वालामुखी बघायचा असा कार्यक्रम सर्रास आखला जातो. किंतामणी सुमारे दीड हजार मीटरवर आहे. डोंगर आधी बघा, डायव्ह नंतर करा, आणि परतताना किनाऱ्याच्या रस्त्यानं या. तारकर्लीत रीतसर डायव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूरला निघणाऱ्यांनाही हे लागू आहे. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे.

डायव्हनंतरच्या चोवीस तासांत सांधे दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, चक्कर, हातापायात अशक्तपणा किंवा न समजणारा थकवा यातलं काही जाणवलं तर ‘झोपून बरं वाटेल’ म्हणू नका. आडवं पडा, शुद्ध ऑक्सिजन सुरू करा, विमा कंपनीच्या डायव्हिंग हेल्पलाइनला आणि डायव्ह सेंटरला लगेच फोन करा. उपाय म्हणून पुन्हा पाण्यात उतरणं धोक्याचं आहे.

त्याच दिवशी लॉगबुक लिहा, आणि त्यात माशांच्या नावांबरोबर तीन आकडे लिहा: वापरलेले बार, मिनिटं, सरासरी खोली. वरच्या नमुन्यात १४६ बार, ३४ मिनिटं, १४ मीटर. १४६ × ११ = १,६०६ लिटर. त्याला ३४ नं भागा, मग १४ मीटरच्या दाबानं, म्हणजे २.४ नं भागा. उत्तर मिनिटाला २० लिटरच्या जवळ येतं. तुमचं उत्तर २४ आलं तर उद्याच्या डायव्हचं गणित २४ धरून मांडा.